खिशातला दूरध्वनी आणि चाळीतला कांदा

नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला बाजारभाव कळत नाही, असे आज कोणी म्हणू धजणार नाही. लासलगावच्या आवारात सकाळच्या सत्रातील पहिल्या दहा-वीस वाहनांचा लिलाव पुकारला जातो न जातो तोच ते भाव येवला, चांदवड, सटाणा, कळवण येथील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर उमटलेले असतात. पिंपळगाव बसवंतला काय निघाले, विंचूरला आवक किती, उमराण्यात व्यापारी हात आखडता घेत आहेत काय, ही सारी वार्ता ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्यापूर्वीच घरात आलेली असते. एके काळी हीच वार्ता आकाशवाणीच्या बाजारभावांतून, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून किंवा आदल्या दिवशी बाजार करून आलेल्या शेजाऱ्याच्या तोंडून मिळत असे, आणि तोवर ती शिळी झालेली असे. गावात दूरध्वनी असलाच तर तो पोस्टात, नाही तर व्यापाऱ्याच्या पेढीवर. ज्याच्याकडे यंत्र त्याच्याकडे वार्ता, आणि ज्याच्याकडे वार्ता त्याच्याकडे नफा, अशी त्या काळाची सरळ व्यवस्था होती.

३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले. पुढील पंधरा-वीस वर्षांत हे यंत्र श्रीमंतांच्या खिशातून निघून शेतमजुराच्या हातात आले. ही व्यवस्था आता उलटी होईल, अशी अपेक्षा त्यामुळे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी बाळगली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. विक्रेत्याला भाव ठाऊक नाही आणि खरेदीदाराला ठाऊक आहे, या विषमतेवरच मध्यस्थाचा नफा पोसला जातो, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. विषमता गेली की नफ्याचा तेवढा भाग उत्पादकाकडे वळला पाहिजे. तो वळला काय?

या प्रश्नाचे एक अतिशय आकर्षक उत्तर केरळच्या किनाऱ्यावरून आले. रॉबर्ट जेन्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळातील तारली मासळीच्या बाजारांचा १९९६ ते २००१ या काळात अभ्यास केला व २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. १४ जानेवारी १९९७ रोजी बडगारा येथे अकरा मच्छीमारांच्या मासळीला गिऱ्हाईकच मिळाले नाही; आणि त्याच सकाळी तेथून पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस खरेदीदार मासळीवाचून रिकाम्या हाती परतण्याच्या बेतात होते. पुढे किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. होडी समुद्रात असतानाच मच्छीमार दोन-चार बंदरांवर चौकशी करू लागले आणि भाव असेल तेथे होडी लावू लागले. परिणाम असा की, एरवी पाच ते आठ टक्के मासळी विक्रीअभावी फुकट जात असे, ते नुकसान जवळजवळ नाहीसे झाले. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी चार टक्के स्वस्त मिळू लागली. उत्पादक आणि ग्राहक दोघेही सुखी, आणि त्यासाठी शासनाने एक पैसाही खर्च केलेला नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला यापेक्षा गोड गोष्ट मिळणे कठीण.

याच गोष्टीचा महाराष्ट्रातील प्रयोग मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. २००७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने आपल्या राज्यात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा सुरू केली. शेतकऱ्याने वर्गणी भरायची आणि त्याच्या पिकाचे बाजारभाव, हवामान व शेतीविषयक सल्ला यांचे संदेश त्याच्या मोबाइलवर यायचे. मार्सेल फाफशां व बार्ट मिंटेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील शंभर गावे निवडली. त्यांपैकी चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काही गावे वेगळी काढून तेथील शेतकऱ्यांना ही सेवा वर्षभर मोफत दिली, आणि उरलेल्या गावांशी तुलना केली. अभ्यासलेल्या पिकांत कांदा होता, टोमॅटो होता, डाळिंब होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष थोडक्यात असा: संदेश मिळालेल्या शेतकऱ्यांनी ते वाचले, निर्णय घेताना आपण त्यांचा विचार केला असेही सांगितले, काहींनी बाजार बदलून पाहिला, काहींनी मालाची प्रतवारी केली, परंतु त्यांच्या पदरात पडलेल्या भावात सरासरीने दखल घेण्याजोगा कोणताही फरक पडला नाही. वादळी पावसाने होणारे नुकसानही कमी झाले नाही.

मासळीला जे साधले ते कांद्याला का साधू नये? या प्रश्नाच्या उत्तरात नाशिकच्या शेतीचे सारे दुखणे सामावलेले आहे, म्हणून येथे जरा थांबणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी की, होडी समुद्रात असते तेव्हा तिला चारही बंदरे जवळपास सारखीच असतात. ट्रॉलीचे तसे नाही. कांदा काढून, निवडून, भरून ट्रॉली एकदा बाजार समितीच्या रांगेत उभी राहिली की शेतकऱ्याचा निर्णय झालेला असतो. लिलावात निघालेला भाव नाकारण्याचा त्याला कायदेशीर हक्क आहे. परंतु तो हक्क बजावायचा म्हणजे डिझेलचा खर्च, ट्रॅक्टरचे भाडे आणि आणखी एक दिवसाची खोटी. शिवाय जिल्ह्यातील बाजार समित्यांत खरेदी करणारे व्यापारी एकमेकांच्या भावावर आधीपासूनच नजर ठेवून असतात. लासलगाव आणि पिंपळगाव यांच्या भावात वाहतूक खर्चाहून मोठी तफावत फार काळ राहत नाही. मोबाइलने जी तफावत मिटवायची ती व्यापाऱ्याच्या जुन्या दूरध्वनीने केव्हाच मिटविली होती. बडगाऱ्याचे अकरा आणि सत्तावीस येथे सापडत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कांद्याच्या भावातला खरा फरक गावागावांत नसून महिन्यामहिन्यांत आहे. खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा हे टिकत नाहीत. काढले की विकावेच लागतात. टिकतो तो मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा. तो चाळीत भरून चार-पाच महिने राखता येतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीस आवक आटली की त्याला बहुधा बरा भाव येतो. ही गोष्ट कळण्यासाठी मोबाइलची गरज नाही. निफाड तालुक्यातील शाळकरी मुलालाही ती ठाऊक असते. अडचण आहे ती राखण्याची. चाळ बांधायला भांडवल लागते. चाळीतला कांदा सडतो, सुकतो, कोंब धरतो आणि त्याचे वजन घटते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एप्रिल-मेमध्ये सोसायटीचे कर्ज, खत-औषधांच्या दुकानाची उधारी, मुलीचे लग्न आणि पुढच्या खरिपाचे बियाणे ही चारही देणी एकदम दाराशी येतात. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. सव्वा हेक्टरच्या धन्याला भाव कळतो. परंतु थांबता येत नाही. आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी उद्याच्या वाढीव भावाची वार्ता ही केवळ मनस्तापाची बाब ठरते. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिले होते. त्याच्यापाशी मोबाइल नव्हता असे समजण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून सांगताना प्रस्तुत लेखकाला नेहमी रोहित्राचा दृष्टांत उपयोगी पडतो. खेड्यात कृषिपंपांना ‘ऑटो’ लावलेला असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. एका शेतकऱ्याची त्यात मोठी सोय आहे. परंतु एका रोहित्रावरील सगळ्यांनीच ऑटो लावले, की वीज येताक्षणी सारे पंप एकदम भार ओढतात आणि रोहित्र जळते. म्हणून तर वीज कंपनी ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असे वारंवार विनविते. भावाच्या संदेशाचे असेच आहे. बातमीचा लाभ ती शेजाऱ्याला ठाऊक नसते तोवरच असतो. ‘अमुक बाजारात कमाल भाव इतका’ हा संदेश दोनशे गावांत एकाच वेळी गेला, की दुसऱ्या दिवशी त्या बाजारात ट्रॉल्यांची रांग हमरस्त्यापर्यंत येते आणि भाव खाली बसतो. त्यातही पसरतो तो कमाल भाव, जो एखाद-दुसऱ्या निवडक वाहनाला मिळालेला असतो. सरासरी भाव सांगण्यात कोणाला रस नसतो. मागच्या हंगामाचा भाव पाहून पुढच्या हंगामाची लागवड करण्याने होणारे चढउतार अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याच्या उपमेने शिकविले जातात. मोबाइलने ते जाळे तोडले नाही. वर्षाचे चक्र आठवड्यावर आणून ठेवले, इतकेच.

आणि चौथी गोष्ट दिल्लीची. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसविले. जिल्ह्यातील लिलाव त्या निर्णयानंतर बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद करण्यात आली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली तेव्हाही टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि चाळीस टक्के शुल्क होतेच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किमतीची अट गेली व शुल्क निम्म्यावर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. यांतील प्रत्येक अधिसूचना शेतकऱ्याच्या मोबाइलवर काही मिनिटांत पोहोचली, हे तंत्रज्ञानाचे यश खरेच. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशी यांच्या हाकेवर याच जिल्ह्यातील शेतकरी कांद्याच्या व उसाच्या भावासाठी रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर उतरले, तेव्हा निरोप सायकलीवरून आणि बैलगाडीतून जात होते. तेव्हाची मागणी भावाची होती, भावाच्या बातमीची नव्हती.

येथवर वाचून कोणी असे समजेल की, हे यंत्र शेतीला निरुपयोगी आहे असे या लेखकाचे म्हणणे आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मोबाइलचा लाभ जेथे अपेक्षिला होता तेथे झाला नाही आणि जेथे कोणी फारसा विचार केला नव्हता तेथे झाला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

पंपाचेच पाहा. शेतीला वीज मिळते ती पाळीपाळीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायचे म्हणजे थंडीत, अंधारात, सापविंचवाच्या वाटेने विहिरीवर जायचे. आणि गोदाकाठच्या निफाड-सिन्नर भागात उसाच्या फडातल्या बिबट्याचे भय निराळे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे साधन तयार केले. पंपाच्या स्टार्टरला मोबाइल जोडून घरबसल्या पंप चालू किंवा बंद करण्याची, वीज आहे की नाही हे जाणून घेण्याची सोय त्यात होती. पुढे अनेकांनी तशी साधने बनविली. यात कोठेही भाव नाही, बाजार नाही. परंतु एका माणसाची झोप वाचते आणि कधी जीवही वाचतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या झोपेला स्थान नाही, हा त्या हिशेबाचा दोष.

द्राक्षबागेत तर हे यंत्र फवारणीच्या पंपाइतकेच अपरिहार्य झाले आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेपासून फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत एक अवकाळी सर आली तरी डावणी रोग आणि घडकूज सारा हंगाम घालवू शकतात. पाऊस येण्यापूर्वी औषध मारायचे की नंतर, हा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो आणि त्यावर हजारो रुपये अवलंबून असतात. हवामानाचा अंदाज, शेजारच्या बागेतील पानाचे छायाचित्र, बागेत उभारलेल्या यंत्राने मोजलेला पानावरचा ओलावा, हे सारे त्या काही तासांत हाती येते. मात्र येथेही एक मेख आहे. छायाचित्र पाहून मोफत सल्ला देणारा आणि औषध विकणारा पुष्कळदा एकच असतो. मोफत सल्ल्याची किंमत मग बाटलीत धरलेली असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि नाशिकच्या बागाईतदारांनी जबर किंमत मोजली. कोणते औषध कधी मारले याची नोंद आणि ते सुचविणाऱ्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टींचे मोल त्या वर्षी कळले. निर्यातक्षम बागांच्या नोंदीसाठी ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था २००६ पासूनच होती. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीने अशा नोंदी, सल्ला, शीतगृह आणि परदेशी ग्राहक यांची एकत्र सांगड घातली. तेथे सभासदाच्या मोबाइलवर येणाऱ्या संदेशाला किंमत आहे. कारण त्या संदेशामागे माल थोपवून धरणारे शीतगृह उभे आहे.

मोबाइलने कोणाचा भाव खरोखर वाढविला असेल तर तो बहुधा मजुराचा, हे पुष्कळ बागाईतदारांना रुचणार नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागांतून छाटणी, विरळणी आणि डिपिंग यांसाठी मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. पूर्वी त्या पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या नाक्यावर येऊन उभ्या राहत आणि मिळेल त्या मजुरीवर जात. परत जाण्याचे भाडेही गाठीला नसे. आता मुकादम गावातूनच चार बागाईतदारांना फोन करतो, एकरी दर ठरवितो, जाण्यायेण्याच्या गाडीचे बोलून घेतो, आणि मग टोळी निघते. होडी समुद्रात असतानाच बंदर निवडण्याची जी सोय केरळच्या मच्छीमाराला मिळाली तीच ही आहे. ‘मजूर ऐकत नाहीत’ ही तक्रार त्यामुळे हल्ली फार ऐकू येते. आजवर ते ऐकत होते ते नाइलाजाने, एवढेच तिचे भाषांतर करता येईल.

शासनानेही आता मोबाइललाच तलाठी केले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या द्वारे शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर स्वतः करायची आहे. तलाठ्याच्या कार्यालयात बसून भरलेल्या काल्पनिक पीकपाहण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे ते या सुधारणेचे स्वागतच करतील. परंतु २०२३ मध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्य शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये, दोनशे क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केले आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद असण्याची अट घातली. कांदा शेतात होता, बाजारात विकला गेला होता, विक्रीची पावतीही होती. नोंद मात्र पुष्कळांनी केलेली नव्हती. अखेर अट शिथिल करून गावपातळीवरच्या समितीकडे पडताळणी सोपवावी लागली. नोंद न करणाऱ्यांत आळशी थोडे असतील; साधा फोन बाळगणारे, वृद्ध आणि ‘रेंज’ शोधत टेकडीवर चढणारेच अधिक असणार. सुरगाण्याच्या नागली-वरईच्या उतारावर आणि पिंपळगावच्या द्राक्षबागेत एकच ॲप चालेल असे गृहीत धरणारा अधिकारी सुरगाण्याला एकदा मुक्कामाला गेला तर बरे.

स्त्रियांचा प्रश्न तर विचारलाच जात नाही. याच जिल्ह्यातील चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरले होते, आणि त्यानंतरच्या काळात जमीन पत्नीच्या नावे करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ उभी राहिली. आज बाईच्या नावावर सातबारा असला तरी ओटीपी येतो तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर. अनुदान जमा झाल्याचे तिला तेच सांगणार, सांगावेसे वाटले तर.

२०२५ मध्ये राज्य शासनाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले असून ‘महाविस्तार’ हे ॲपही आणले आहे. मराठीत प्रश्न विचारावा आणि मराठीत उत्तर मिळावे, ही सोय स्वागतार्हच. परंतु हे यंत्र उद्या एक लाख कांदा उत्पादकांना ‘पुढच्या गुरुवारी विका’ असा एकच सल्ला देणार असेल तर गुरुवारी काय होईल हे रोहित्राच्या दृष्टांतावरून कळण्यासारखे आहे. म्हणून बाजाराचा भाव शेतकऱ्याकडे नेण्याच्या बरोबरीने शेतकऱ्याचा मनोदय बाजाराकडे नेण्याचे काम या यंत्रास सांगितले पाहिजे. उद्या आपली ट्रॉली कोठे येणार हे आदल्या दिवशी नोंदविण्याची व्यवस्था बाजार समित्यांनी केली आणि ‘लासलगावला उद्या इतक्या वाहनांची नोंद झाली आहे’ हा संदेश रात्री आठ वाजता सर्वांना गेला, तर निदान काहीजण आपली वाट बदलतील. कमाल भावाऐवजी किती वाहनांना कोणत्या पट्ट्यात भाव मिळाला याचा तक्ता पाठविणे तर अजिबात खर्चाचे नाही. चाळीतल्या कांद्यावर उचल मिळणे ही याहून कठीण, पण याहून आवश्यक गोष्ट. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना मुख्यतः धान्ये, कडधान्ये, तेलबिया, हळद, बेदाणा अशा टिकाऊ मालासाठी आखलेली आहे. शास्त्रीय चाळीत ठेवलेल्या उन्हाळ कांद्यावर, घटीची वजावट धरून, निम्म्या किमतीइतकी उचल देण्याचा प्रयोग एखाद्या तालुक्यात तरी करून पाहण्यास हरकत नसावी.

आणि निर्यातीच्या धोरणाविषयी एवढेच. उन्हाळ कांद्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकली जातात. त्या हंगामाच्या कांद्याच्या निर्यातीवर कोणत्या परिस्थितीत आणि किती बंधन येईल, हे रोप टाकण्यापूर्वी केंद्र शासनाने जाहीर करावे. तो संदेश गावोगाव पोहोचविण्याची यंत्रणा शेतकऱ्याने स्वखर्चाने विकत घेऊन खिशात ठेवलेलीच आहे.